बिनभट्टीची वीट

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
आम्ही वीट भाजत नाही, वाढवतो.
ट्रेमध्ये मलप्रभेची वाळू, युरिया, कॅल्शियमचं पाणी
आणि डोळ्यांना न दिसणारे गवंडी.
त्यांची हजेरी मी रोज सकाळी भिंगाखाली घेते.
पहिल्या दिवशी नुसता रेंदा.
आठव्या दिवशी खरवडायला जावं तर नख मोडतं.
वास मात्र गोठ्याचा,
डब्यातल्या भाकरीलाही लागतो.

कित्तूरकर बाईंनी त्यांच्यात एक जनुक घातलंय,
दुसऱ्याच कुठल्या जिवाकडून उसनं आणलेलं:
मळी मिळाली की जागं व्हायचं,
संपली की विटेतच अंग आखडून झोपायचं.
"म्हणजे बाहेर गेले तरी काही करणार नाहीत,"
हे बाईंनी बंगळूरच्या समितीला इंग्रजीत,
शेडच्या वॉचमनला कन्नडात
आणि मला मराठीत सांगितलं.
त्या जिवांच्या लिपीत अक्षरं चारच.
पाटीवर कुठली वर, कुठली खाली,
यावरून त्यांची दुकानं कधी बंद पडलेली नाहीत.

शनिवारी एक वीट रुमालात गुंडाळून
खानापूरच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.
नेऊ नये असा नियम आहे.
नेली.

बाबा, भरमाणी कुंभार,
चाळीस वर्षं कौलांच्या कारखान्यात भट्टीच्या तोंडाशी.
भुवया जळून गेलेल्या, त्या परत आल्याच नाहीत.
आचेचा रंग बघून सांगायचे, आता लाकूड, आता थांबा.
वीट त्यांनी पेरानं वाजवली,
कानाशी धरली.
"मुकी हाय गं ही. जाळ बघितलाच न्हाई काय?"
नाही, म्हटलं.
"आनि धूर?"
तोही नाही.
मग त्यांना खोकला आला.
तो संपेपर्यंत दोघंही थांबलो
आणि संपल्यावर धुराचा विषय कुणीच काढला नाही.

कौल तपासायचे तशी
त्यांनी ती कमरेएवढ्या उंचीवरून
दगडी पायरीवर सोडली.
मी ओरडले. आठ दिवसांचं काम होतं ते.
"फुटली न्हाई," बाबा म्हणाले, "तडकलीय नुसती. ठेव हितंच."

पुढच्या शनिवारी वीट हौदाच्या कडेला होती
आणि तडा नव्हता.
त्याच्या जागी एक पांढरी शीर,
वाकडी, भरीव, हाताला थंड.
"चुन्याच्या निवळीत गूळ कालवला," बाबा म्हणाले,
"आनि लावला बोटानं. आमचा आज्जा देवळाच्या गिलाव्याला तसंच करी.
तुझ्या बाईला कुणी सांगितलं न्हाई व्हय,
चुन्यात गूळ घालत्यात म्हनून?"

मी नख ओढून पाहिलं. मोडलं.
चुना असता तर पूड पडली असती.

बाबा खूश. शेजारच्या सातेरीला हाक मारून दाखवत होते,
बघ, लेकीची वीट जखम भरून काढती.
मी तिथंच उभी, मनात तालुके मोजत:
गोकाक, रायबाग, चिकोडी, अथणी,
निपाणीच्या अलीकडची गुऱ्हाळं आणि पलीकडची,
काकवीच्या डब्यांना लागलेल्या मुंग्या,
ट्रॅक्टरमागून रस्ताभर सांडत गेलेला ऊस.
या मुलखात गोड नसलेला कोपरा कुठून आणायचा
आणि कुठल्या तोंडानं त्यांना सांगायचं,
झोपा.

सोमवारी बाईंच्या टेबलावर वीट ठेवली.
बोलायचं पाठ करून गेले होते,
नियम मोडला, चूक झाली, वगैरे.
बाईंनी काही ऐकायच्या आधी
ती पेरानं वाजवली आणि कानाशी धरली.
पांढऱ्या शिरेवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसल्या.
रागावल्या असाव्यात. नक्की कळलं नाही.
मग म्हणाल्या, "वडिलांना विचार,
गूळ किती घातला."

फोन लावला.
मागं कोंबड्यांचा आवाज, मग खोकला, मग बाबा.
"अंदाजानं," म्हणाले.

नोंदवहीत त्या रकान्याच्या डोक्यावर
छापलेलं आहे: ग्रॅम.